ताक्लेंच्या संडासाची कडी

सासरेबुवा संडासात गेले ते बाहेरच येईनात.

बाहेर रांग लागली. आधी फेरीबोटीवरचा योरुन्द एकटाच होता, मग पाद्रीबाई आल्या, मग चर्चच्या गायनमंडळातल्या निम्म्या बायका. बोर्गहिल्ड ताक्लेबाईंच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला अख्खा फ्योर्ड लोटला होता, म्हणजे आमच्या खाडीचे दोन्ही काठ, आणि आमच्याकडे कॉफी पाण्यासारखी पीत नाहीत, पाण्याऐवजी पितात. त्याचे परिणाम दुपारी उशिरा दिसू लागतात.

पाद्रीबाई या पायावरून त्या पायावर होत म्हणाल्या, "वेगार्द, तुझ्या सासऱ्यांची तब्येत बरी आहे ना?"

"माजी सासरे," मी म्हणालो.

हे मला दर वेळी सांगावं लागतं. माझा आणि सिलियेचा घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली. सिलियेनं तो मान्य केला, मी केला, सरकारनं शिक्का मारून केला. आनफिन क्वामे यांनी केलेला नाही. लेकीनं नवरा सोडला असेल, आपण जावई सोडलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यात डोळे अधू होऊन त्यांचा गाडीचा परवाना गेला, तेव्हापासून तर माझी नेमणूक कायमच झाली. मी कोळंबीएवढ्या माशांचे हातभर मासे करणाऱ्या कंपनीत संगणकाचं बटण दाबून चारा सोडतो. मासे वेळेबाबत काटेकोर नसतात, त्यामुळे सासऱ्यांना फिरवायला सवड मिळते.

मी दार वाजवलं. "आप्पा, ठीक आहात ना?"

आतून खालच्या आवाजात, "जावईबापू, सुरी आहे का तुमच्याकडे?"

रांग एक पाऊल मागं सरकली.

"सुरी कशाला आप्पा?"

"तुम्ही आत या. मी कडी सरकवतो. दार ओढू नका हां, हळू. तिला धक्का लागता कामा नये."

मी पाद्रीबाईंकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. हा आशीर्वाद होता की परवानगी, कळलं नाही. मी आत गेलो.

ताक्लेंचा संडास परसात आहे, जुना, लाकडी आणि दोन आसनी. फळीला शेजारी शेजारी दोन भोकं, त्यांवर झाकणं. समोर भिंतीवर राजाराणीचा फोटो. आमच्याकडे तो तिथंच लावायची पद्धत आहे. अपमान म्हणून नव्हे, सोबत म्हणून. दाराला उजेडासाठी बदामाच्या आकाराचं भोक. सासरेबुवा एका झाकणावर बसले होते, विजार व्यवस्थित, चेहरा चर्चमध्ये असतो तसा. मी दुसऱ्या झाकणावर बसलो. तिसरी जागा नव्हती.

त्यांनी कडी पुन्हा लावली, माझं बोट धरून तिच्यावर ठेवलं आणि म्हणाले, "काय आहे हे?"

"कडी."

"कशाची?"

"संडासाची."

"बघा, नीट बघा. तुम्हाला देवानं डोळे दिलेत ते काय माशांकडे बघायला?"

हिरव्या रंगानं माखलेली अंगठ्याएवढी जाड सळई, लोखंडाच्या दोन वळ्यांमधून सरकणारी. एका टोकाला वाकवलेली मूठ, मुठीच्या शेवटी गोळा. आणि सळईच्या पाठीवर बसलेली एक लांब चपटी पट्टी. रंगाचे थर इतके, की सगळं मेणानं बनवल्यासारखं गुळगुळीत झालेलं.

"ही पट्टी," ते म्हणाले, "जगात दुसऱ्या कुठल्या कडीला नसते. हा क्रागचा बोल्ट आहे, जावईबापू."

आता बोल्ट म्हणजे काय ते सांगायला हवं. मलाही ते लग्नानंतरच कळलं. क्राग ही आमच्या फौजेची जुनी रायफल. बोल्ट म्हणजे तिचं दारच म्हणा. मूठ वर उचला, मागं ओढा, रिकामं काडतूस बाहेर उडतं. पुढं ढकला, नवं आत जातं. मूठ खाली पाडा, दार बंद. बोल्ट काढून घेतला की रायफल म्हणजे भोक असलेली काठी. आणि नुसता बोल्ट हातात उरला, तर तो काय आहे हे ओळखणारा माणूस लागतो.

तो माणूस माझ्या शेजारच्या झाकणावर बसला होता.

सासरेबुवांनी हयातभर पंचायतीच्या नोकरीत धुराडी झाडली. फ्योर्डच्या दोन्ही काठांवर असं घर नाही ज्याच्या धुराड्यात त्यांनी डोकं घातलेलं नाही. कोण चोरून दारू गाळतं, कोण सरपणाबरोबर काय काय जाळतं, सगळं त्यांना ठाऊक, आणि तोंडातून एक अक्षर निघणार नाही. काजळी असो की गुपित, घराबाहेर न्यायचं ते पोत्यात बांधून, असा त्यांच्या धंद्याचा नियम. फक्त ताक्लेंच्या घरात ते कधी शिरले नव्हते. ताक्लेंचं धुराडंही दर वर्षी झाडलं, पण बाहेरून शिडी लावून, छपरावरूनच. त्या दिवशीसुद्धा ते वाढदिवसाला आले नव्हतेच. मी गावच्या सभागृहातल्या खुर्च्या परत न्यायला आलो होतो. गावकीचं काम, त्याला नाही म्हणता येत नाही. ते गाडीतच बसून राहणार होते. पण वाटेत थर्मासभर कॉफी झाली होती. 'संडास घरात मोडत नाही,' असं जाहीर करून ते उतरले.

घरात न शिरण्याचं कारण जुनं आहे. जर्मन आले त्या वसंतात फर्मान निघालं, सगळ्यांनी बंदुका जमा करा. आमच्या गावच्या नेमबाजांनी त्या जमा केल्या नाहीत. रात्रीतून होड्यांच्या शेडमध्ये बसून त्यांनी एक शक्कल काढली. प्रत्येकानं आपल्या रायफलचा बोल्ट काढून एका पोत्यात टाकायचा, शाळामास्तरांनी पोतं हलवायचं, आणि प्रत्येकानं न बघता एक उचलायचा. रायफल आपल्या घरी लपवायची, बोल्ट दुसऱ्याचा. कुणाला पकडून कितीही मारलं, तरी त्याच्याकडून अख्खी रायफल मिळणार नाही. योजना इतकी पक्की होती, की युद्ध संपल्यावर खुद्द गावालाही ती उलगडता येईना. शाळामास्तर बुडाले होते, काही जण अमेरिकेला गेले होते, काहींनी बोल्ट इतका छान लपवला होता की त्यांनाच सापडत नव्हता. आणि काही जण एकमेकांशी बोलेनासे झाले होते.

त्यांत पहिले दोघे म्हणजे सासरेबुवांचे वडील मोन्स क्वामे आणि ताक्लेबाईंचे वडील एलिंग ताक्ले. आधी जिवलग मित्र. नेमबाजीच्या स्पर्धेत पहिला नंबर मोन्सचा, दुसरा एलिंगचा, नाहीतर उलटं. मग जर्मन शिपाई ताक्लेंच्या घरात मुक्कामाला घुसले, आणि त्याच महिन्यात त्यांनी मोन्सच्या घराची झडती घेतली. रायफल सापडली नाही. ती धुराड्यात टांगलेली होती आणि मोन्सच्या बायकोनं खाली चूल पेटवून दिली होती. दस्त्याची एक बाजू कायमची करपली ती तेव्हा. तरी मोन्सला धरून नेलं. दीड हिवाळ्यानं तो परत आला तो खोकत. आपलं नाव एलिंगनं सांगितलं, हे त्यानं मनात धरलं ते मरेपर्यंत. मुलाकडून वचन घेतलं: ताक्लेंच्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही.

लोक समजतात सासरेबुवांना बंदुकांचा शौक आहे. आयुष्यात त्यांनी सशावरही गोळी झाडलेली नाही. त्यांचा शौक जुळवायचा. धुराडी झाडता झाडता एकेका घरातून ते करपलेल्या, गंजलेल्या, बिनबोल्टाच्या रायफली बाहेर काढत गेले आणि अनाथ बोल्ट गोळा करत गेले. प्रत्येक बोल्टाच्या मुळाशी त्याच्या रायफलचा आकडा ठोकलेला असतो. एक बोल्ट चर्चच्या ऑर्गनच्या नळीत निघाला. तो काढल्यावर ऑर्गन सुरात आला आणि गायनमंडळ किती बेसूर आहे ते गावाला पहिल्यांदा कळलं. एक हातमागाला वजन म्हणून टांगलेला होता. एक एका म्हातारीनं बटाटे कुस्करायला ठेवला होता, आणि तिची लेफ्से, म्हणजे बटाट्याची पोळी, पुन्हा कधी तशी झाली नाही म्हणतात.

मी लग्न करून त्या घरात गेलो तेव्हा मागच्या खोलीत भिंतीला ओळीनं लावलेल्या रायफली बघून मला वाटलं, सासरा मला काही सुचवतोय. मग एका रविवारी त्यांनी एक खाली काढली आणि अंगठा फिरवत सांगत गेले. हा मुकुट म्हणजे राजाची मोहोर. हे वर्ष. ही दोन अक्षरं म्हणजे ज्यानं तपासली त्या कारागिराची. ही झीज बघा, गाल टेकायची जागा उजवीकडं झिजलीय, म्हणजे मालक डावखुरा. म्हणजे हा लोफ्टेसनेसच्या घरातला थोरला. हा ओरखडा वसंतातल्या लढाईतला. तो खडकावर आडवा झाला तिथला खडक मी बघून आलोय. मी हसायच्या बेतात होतो. मग त्यांनी बोल्ट मागं ओढला आणि पुढं सोडला. शंभर वर्षांपूर्वीचं लोखंड लोण्यातून सुरी जावी तसं गेलं. कुठं अडणं नाही, घासणं नाही, शेवटी फक्त एक मऊ 'टक्'. मी हसायचं विसरलो. ज्यानं हे घासून घासून इतकं तंतोतंत बसवलं, तो माणूस जेवायला काय खात असेल, असा प्रश्न मला पडला. अजून पडतो.

भिंतीवरची प्रत्येक रायफल आपापल्या बोल्टासकट होती. एक सोडून. करपलेल्या दस्त्याची, मोन्सची. तिच्या पोटात बोट जाईल एवढी पोकळी होती आणि सासरेबुवा ती कापडानं पुसून ठेवत.

"दुसरा एखादा बोल्ट घाला की," मी एकदा म्हणालो होतो. "बसतो ना?"

"बसतो. तुम्ही असं करा, तुमच्या लग्नाच्या फोटोत शेजाऱ्याची कवळी घालून उभे राहा. बसते ना?"

आता सोमवारी जिल्ह्याच्या संग्रहालयाची गाडी येणार होती. डोळे जात चालले, अंगठ्यानं किती दिवस वाचणार? सासरेबुवांनी सगळा संच देऊन टाकला होता. संग्रहालयाचा एस्किल भला मुलगा, त्यानं हळूच सांगितलं होतं, बाकी सगळ्या काचेत लावू, पण ती एक अपुरी आहे, ती तळघरात ठेवावी लागेल. त्या रात्री जेवताना सासरेबुवा एवढंच म्हणाले, "आधी तो तुरुंगात, आता ही तळघरात."

तर अशी वेळ होती, आणि आम्ही दोघं राजाराणीसमोर बसलो होतो.

मी सुरी काढली. मुठीच्या मुळाशी हळूहळू खरवडू लागलो. हिरव्याखाली पिवळा, पिवळ्याखाली पांढरा, मग करडा. बाहेरून पाद्रीबाईंचा आवाज आला, "आनफिन, काही मदत हवी का? प्रार्थना वगैरे?"

"जरा थांबा पाद्रीबाई, रंग काढतोय."

बाहेर कुणीतरी कुजबुजलं, "कसला रंग?"

लोखंड उघडं पडलं. बदामातून येणारा उजेड बरोबर तिथं पडला. सासरेबुवांनी अंगठा ठेवला आणि काढला. पुन्हा ठेवला. "तुम्ही वाचा," ते म्हणाले. "मला माझ्या अंगठ्याचा भरवसा नाही. तो पन्नास वर्षं हेच वाचायला टपलाय."

"चार," मी म्हणालो. "सात. एक."

त्यांनी राजाराणीच्या फोटोवरची धूळ रुमालानं पुसली आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला.

"मोन्सचाच?"

"मोन्सचा." मग, "मी दर वर्षी त्या छपरावर चढत होतो, जावईबापू. तिथून हे दार दिसतं. मला वरून हे दार दिसत होतं."

आम्ही दोघं एकत्र बाहेर आलो तेव्हा रांगेनं टाळ्या वाजवल्या.

बोल्ट मागायला पहिल्यांदा मलाच पाठवलं. ताक्लेबाई स्वयंपाकघरात टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. अंगात सणाचा भरतकामाचा पोशाख, छातीवर चांदीचं तबक शोभेल एवढं पदक, समोर साईचा केक. सिलिये ताटल्या मांडत होती; वचन बापाचं होतं, तिचं नव्हे. मी सगळं सांगितलं. ताक्लेबाईंनी चमचा खाली ठेवला.

"सापडला म्हणायचा एकदाचा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्याच संडासाची कडी मला माहीत नसेल?" त्या म्हणाल्या. "आणि तू कोण मागणारा?"

"जावई."

"हिच्याशी घटस्फोट झालाय ना तुझा?"

"हो."

"मग तुझं मागणं चालायचं नाही."

सिलियेनं माझ्याकडे बघितलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा हसली. "मी मागू?" ती म्हणाली.

"तूही नको गं पोरी. माझ्या आबांनी मरताना सांगून ठेवलंय. क्वामेनं या स्वयंपाकघरात यायचं, आपल्या तोंडानं मागायचं, मग द्यायचा. त्याआधी द्यायचा नाही आणि सांगायचाही नाही. दर वर्षी तो पोरगा छपरावरून उतरला की मी खिडकीत कॉफी ठेवायची. आत येईल, विचारेल. दर वर्षी म्हणायचा, 'उशीर होतोय, ताक्लेबाई.' एवढा कसला उशीर व्हायचा याला?"

मी बाहेर येऊन निरोप दिला. सासरेबुवा पायरीशी उभे होते. तिथपर्यंत त्यांची हद्द.

"खिडकीतून मागितलं तर?" त्यांनी विचारलं.

"विचारून येतो." मी आत जाऊन विचारून आलो. "नाही म्हणतात."

"फोनवरून?"

आतून ताक्लेबाईंचा आवाज आला, "मला ऐकू येतंय, आनफिन! कान शाबूत आहेत माझे!"

सिलिये दारात आली. "बाबा," ती म्हणाली, "आजोबांना जाऊन किती वर्षं झाली?"

"वचन म्हातारं होत नाही."

"नाही होत. पण सोमवारी गाडी येतेय."

ते उभे राहिले. घरातलं बोलणं एकेक करून थांबत गेलं, अगदी गायनमंडळाचंसुद्धा, आणि ते सहसा थांबत नाही. मग सासरेबुवा खाली वाकले आणि बुटाच्या नाड्या सोडू लागले. आमच्याकडे कुणाच्याही घरात बूट घालून जात नाहीत. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. हाताच्या अंगठ्याचाच हा दुसरा भाऊ, मला वाटलं, हाही काहीतरी वाचायला टपलाय. त्यांनी त्या पायानं चाचपून उंबरठा शोधला, आणि तो ओलांडला. काही झालं नाही. छप्पर पडलं नाही. ते स्वतःशीच जरा चकित झाल्यासारखे दिसले.

"ताक्लेबाई," ते म्हणाले, "माझ्या वडिलांच्या रायफलचा बोल्ट तुमच्या दाराला आहे. तो मला द्याल का?"

"देईन," त्या म्हणाल्या. "बस. आधी कॉफी."

त्यांनी कप भरून पुढं सरकवला. सगळं स्वयंपाकघर कपाकडे बघत होतं.

"आबांना पोत्यातून तोच मिळाला," त्या सांगू लागल्या. "आकडा बघितला आणि खूश झाले. मोन्सचा म्हणजे घरचाच. पण दुसऱ्याच आठवड्यात जर्मन राहायला आले. सार्जंट आणि सहा जण. लपवणार कुठं? ते फळ्या उपटून बघत होते. आबांनी विचार केला, माणूस सगळीकडं शोधतो, पण ज्याच्यावर हात ठेवतो तिथं शोधत नाही. एका रात्रीत कडी ठोकली. मग युद्ध संपेपर्यंत तो सार्जंट रोज सकाळी त्या बोल्टानं दार लावून आत बसायचा. बंदुका कुठं आहेत म्हणून गावभर ओरडून यायचा आणि कडी सरकवून बसायचा! आम्ही पोरं इथं खिडकीत. हसलो तर आई चिमटा काढायची."

योरुन्द हसू लागला. ताक्लेबाईंनी हात वर केला तसा थांबला.

"आणि तुझ्या वडिलांचं नाव कुणीही सांगितलं नव्हतं, आनफिन. सार्जंट याच टेबलावर सांगून हसायचा. रस्त्यानं जाताना त्याला खिडकीत चांदीचे कप दिसले. नेमबाजीतले. ओळीनं, घासूनपुसून. तो म्हणाला, एवढे कप आहेत त्या अर्थी बंदूक असणारच."

"मग तुमच्या आबांनी हे का नाही सांगितलं?" सिलियेनं विचारलं.

"कुणाला? मोन्स रस्त्यात दिसला तर पलीकडं जायचा. युद्धानंतर सगळं गाव पलीकडं जायचं. जर्मन आमच्या घरात होते ना. आबा म्हणायचे, मला विचारलं तर मी सांगेन. विचारलं नाही कुणी."

सासरेबुवा कपात बघत होते. त्यांना कपात काही दिसत नाही, हे मला माहीत आहे. त्यांना मधोमध आता फक्त धुकं दिसतं.

"ते कप अजून खिडकीतच आहेत," ते शेवटी म्हणाले. "मी दर शनिवारी घासतो."

"माहीत आहे," ताक्लेबाई म्हणाल्या. "फेरीबोटीतून चमकतात."

बोल्ट लगेच मिळाला नाही. "पाहुणे जाईपर्यंत कडी हलवायची नाही," ताक्लेबाई म्हणाल्या, "रांग बघितलीस का?" त्यामुळे त्या बोल्टानं त्या दुपारी शेवटची सेवा केली. पाद्रीबाई आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्यावर म्हणाल्या, "मी फक्त सरकवून बघत होते."

मी गाडी काढून क्वामेंच्या घरी गेलो आणि मोन्सची रायफल चादरीत गुंडाळून घेऊन आलो. वाटेत तिला मागच्या सीटवर पट्टा बांधला. का, ते सांगता येणार नाही. वळणावर मी वेगही कमी करत होतो.

आमच्याकडची जूनमधली संध्याकाळ रात्रीपर्यंत पोचतच नाही. पाहुणे गेले तरी लख्ख उजेड होता. सिलियेनं कडीचे स्क्रू काढले, कारण माझ्याच्यानं ते निघेनात. परसातल्या बाकावर टर्पेंटाइनचा डबा आणि जुनी चिंधी घेऊन सासरेबुवा बोल्ट पुसू लागले, आणि ताक्लेबाई शेजारी बसून एकेक थर सांगू लागल्या. हिरवा माझ्या धाकट्याच्या लग्नाचा. पिवळा आबा गेले त्या वर्षीचा, दुकानदारानं चुकीचा डबा दिला होता. पांढरा शांतता झाली तेव्हाचा. "आणि हा करडा जर्मनांचा. फौजेचा रंग. सार्जंटनंच लावायला सांगितला. म्हणाला, गंज चढतोय."

त्या करड्या रंगाखाली लोखंड जसंच्या तसं होतं. निळसर, गुळगुळीत, कालच कारखान्यातून आल्यासारखं. एका जर्मन सार्जंटनं गंजापासून राखलेला नॉर्वेजियन बोल्ट. सासरेबुवांनी त्याला तेलाचं एक बोट लावलं. मी चादर सोडली. त्यांनी रायफल गुडघ्यावर आडवी घेतली, करपलेली बाजू आपल्याकडे, आणि न बघता, म्हणजे बघून काही उपयोग नव्हताच, बोल्टाचं टोक त्या पोकळीशी नेलं.

तो गेला. ढकलावं लागलं नाही. इतकी वर्षं तो लाकडी दाराच्या चौकटीत सरकत होता आणि हे आपलं घर नव्हे, हे त्याला माहीत असावं. मूठ खाली आली आणि 'टक्' झालं. मी तो आवाज भिंतीवरच्या बाकी सगळ्या रायफलींतून ऐकला होता. हा वेगळा होता असं मी म्हणणार नाही. अगदी तोच होता. म्हणूनच माझ्या अंगावर काटा आला.

सासरेबुवांनी पुन्हा मूठ उचलली, मागं, पुढं, खाली. मग रायफल ताक्लेबाईंच्या मांडीवर ठेवली. त्यांनीही एकदा केलं. मागं, पुढं, खाली.

"आबा म्हणायचे, मोन्सच्या क्रागचा आवाज ओळखू येतो," त्या म्हणाल्या. "मला तर कडीचाच वाटतो."

"तोच आहे," सासरेबुवा म्हणाले.

मग ताक्लेबाई काठी टेकत उठल्या. "दिवसभराची कॉफी," त्या म्हणाल्या आणि परसाकडे निघाल्या. दारापाशी जाऊन थांबल्या. दार वाऱ्यानं उघडमिट करत होतं. जिथं कडी होती तिथं चार भोकं आणि रंग नसलेली एक लांब पांढरी पट्टी उरली होती.

"घरातलं वापरा ना, आजी," सिलिये म्हणाली. "मी नेते आत."

"पंच्याऐंशी वर्षं इथं येतेय. आता कुठं पाहुण्यांसारखी आत जाऊ?"

सासरेबुवा बाकावरून उठले. एका हातानं रायफल उचलली, दुसऱ्यानं हवा चाचपत पायवाटेनं गेले. "जा तुम्ही," ते म्हणाले. "दार मी धरतो."

ताक्लेबाई आत गेल्या. सासरेबुवांनी दार लोटलं, पाठ फिरवून त्याला टेकून उभे राहिले, आणि मागं हात नेऊन बदामाच्या भोकाच्या खाली फळी धरली. रायफलचा दस्ता बुटाशी, नळी खांद्याशी. तोंड फ्योर्डकडं, जो त्यांना दिसत नव्हता.

आतून आवाज आला, "आनफिन, आहेस ना?"

"आहे, बोर्गहिल्डताई."

"उशीर तर होत नाही ना तुला?"

"नाही."

मी आणि सिलिये खुर्च्या गाडीत चढवत होतो. आम्ही थांबलो. लोखंडी खुर्च्या आहेत त्या, फार आवाज करतात.